मोजून ठेवलेली गळती

‘टॅपेट वाजतायत’ ही मोटारमालकांची तक्रार जितकी जुनी, तितकाच तिचा परिहारही जुना आहे. मिस्त्रीने फीलर गेजची पातळ पट्टी रॉकर आणि झडपेची दांडी यांच्यामध्ये सारावी, ती किंचित अडखळत सरकेल इतपत स्क्रू फिरवावा आणि नट आवळावा. ही फट म्हणजे घडणीतील कसूर नव्हे. इंजिन तापले की धातू प्रसरण पावतो, आणि त्या वाढीस जागाच ठेवली नाही, तर झडप आपल्या बैठकीवर पुरती टेकत नाही, तिच्या कडेने जळते वायू निसटतात आणि बैठकीच्या स्पर्शातून उष्णता बाहेर टाकण्याची तिची वाटच खुंटल्यामुळे एक्झॉस्टची झडप अखेर जळून जाते. मात्र फट आली की ठोका आला, आणि मिनिटाला 3000 फेऱ्या घेणाऱ्या इंजिनात प्रत्येक झडप 1500 वेळा उघडमीट करते!

धनिक गिऱ्हाइकाच्या कानांना हे सोसावे कसे? 1930 साली कॅडिलॅकने सोळा सिलिंडरांची मोटार बाजारात आणली, तेव्हा तेलाच्या दाबाने ही फट भरून काढण्याची तजवीज तिच्यात होती. पुढे तीच युक्ती शेव्हरोलेच्या व्ही-8 सारख्या इंजिनांतून अमेरिकेतील सामान्य कुटुंबांच्या दारी पोचली.

या युक्तीतला हायड्रॉलिक लिफ्टर म्हणजे पोकळ नळकांडे, त्यात सरकणारा दट्ट्या, दट्ट्याखाली स्प्रिंग व तेलाची कोठडी, आणि कोठडीच्या तोंडाशी पहाऱ्याला एक गोळी. झडप मिटलेली असताना स्प्रिंग दट्ट्याला वर रेटून सगळी ढिलाई वसूल करते आणि वंगणाचे तेल गोळीला बाजूस सारून आत शिरते. कॅमचा उंचवटा येताच गोळी तोंड मिटते, आणि कोंडलेले तेल, दाबून आकसणे त्याच्या स्वभावात जवळजवळ नसल्यामुळे, कांबीसारखे ताठ उभे राहते. परंतु खरी खुबी निराळीच आहे. दट्ट्या आणि नळकांडे यांच्यामध्ये मायक्रॉनमध्ये मोजावी अशी जागा राखलेली असते, आणि तीमधून दर उचलीला थोडे तेल पाझरते. तसे ते पाझरले नसते, तर तापून वाढलेल्या धातूंपुढे लिफ्टरला आखडते घेण्याची मुभाच उरली नसती. यंत्रशास्त्रात गळतीला इतका मान क्वचितच मिळाला असेल.

हे सर्व स्वयमेव चालते म्हणून हात लावावा लागत नाही, ही समजूत मात्र अर्धसत्य आहे. शेव्हरोलेच्या त्या व्ही-8 चीच रीत घ्या. इंजिन गरम व चालू, रॉकरवरचे झाकण उतरवलेले, तेलाचे शिंतोडे अंगावर. अशा स्थितीत एकेका रॉकरचा नट खडखडाट होईपर्यंत सैल करावा, मग आवाज नेमका थांबेपर्यंत आवळावा, आणि तेथून पाव फेरा देऊन सुमारे 10 सेकंद स्वस्थ थांबावे. असे पाव-पाव करीत एक फेरा पुरा करायचा, म्हणजे दट्ट्या आपल्या वाटचालीच्या मध्याजवळ येतो आणि त्याला दोन्ही दिशांना सरकायला जागा उरते. मधली सवड तेल पाझरण्यासाठी असते. ती न देता नट एकदम दाबला, तर झडप उघडीच राहते, इंजिन अडखळते, आणि झडप पिस्टनला भिडून पुशरॉड वाकण्याचा प्रसंग ओढवतो.

रात्रभर उभ्या राहिलेल्या मोटारीचा एखादा लिफ्टर सकाळी चार क्षण टकटकतो आणि तेल भरताच गप्प होतो. तेवढ्यावरून पाना उचलणाऱ्याला मी तरी मिस्त्री म्हणणार नाही.