बेतानं आवळताना

अप्पांनी माझ्या डोंगरी सायकलीची चौकट डाव्या हातात तोलली आणि उजव्या हाताच्या नखानं तिला टिचकी मारली. पोलादाची नळी खणकन उत्तर देते. ही ठक् करून बोलली, वाळलेल्या भोपळ्यासारखी. मिरजेत त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षं होतं आणि तंबोरे करणारे कारागीर भोपळा ठोकून निवडतात हे त्यांनी रोज पाहिलेलं. त्यामुळे तो आवाज त्यांना परका वाटला नाही. कार्बनची चौकट तपासणारेही नाण्यानं ठोकतच पुढे सरकतात. आतले थर कुठं सुटले असतील, तर तिथं आवाज बसतो.

मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकशिवाय चौकटीचं वजन भरलं २ किलो ६०० ग्रॅम. ती कशी बनते हे अप्पांना सांगताना माझाच जीव रमला. राळेत भिजवलेल्या कार्बन धाग्यांच्या पट्ट्या कापायच्या आणि ठरलेल्या दिशेनं एकावर एक साच्यात बसवायच्या. आतून फुग्यानं दाब आणि बाहेरून उष्णता दिली की नळी तयार होते. अशा बहुतेक चौकटी तैवान आणि चीनमधल्या कारखान्यांत बनतात. पट्ट्या बसवण्याचं काम आजही बरंचसं हातानंच होतं. धाग्याच्या दिशेनं हा माल प्रचंड ताण सोसतो. बाहेरून चिमटीत धरून आवळला तर मात्र चिरडतो, आणि पोलादासारखा आधी वाकून इशारा देत नाही.

“म्हणजे आवळायचं कुठवर?” अप्पांनी विचारलं. पुढचे नऊ दिवस आम्ही दोघं त्याच प्रश्नात होतो.

कोथरूडच्या घराच्या गॅलरीत स्टँड लावला आणि आधी चौकटीचा मागचा हलता त्रिकोण हलवून बघितला. शॉक बसवण्यापूर्वी ही तपासणी करावी असं माझं ठाम मत आहे, कारण शॉक लागला की सांध्यांचा अडखळा हाताला कळत नाही. चाकाच्या आसापुढे, थोडा खाली एक सांधा असतो. ऑस्ट्रियात जन्मलेले अभियंते होर्स्ट लाइटनर यांच्या नावानं तो होर्स्ट लिंक म्हणून ओळखला जातो. त्या सांध्यामुळे चाक ज्या भागाला जखडलेलं असतं तो भाग मुख्य चौकटीला थेट जोडलेला राहत नाही, आणि ब्रेक दाबलेला असतानाही मागचं सस्पेन्शन बरंच मोकळं काम करतं. मी त्रिकोण वर उचलून सोडला. तो एका जागी किंचित थबकला. अप्पांनी डोळे मिटून पुन्हा उचलला, आणि डाव्या वरच्या सांध्यावर बोट ठेवलं. उघडला तर बेअरिंगशेजारची पातळ चकती तिरकी बसलेली. ती सरळ केली, आसाला ग्रीस लावलं, आट्यांना लॉक लावणारं औषध लावलं. नंतर त्रिकोण सोडला तर सावकाश, एका लयीत खाली आला.

ग्रीसवरून एक गोष्ट आठवली ती मी अप्पांना सांगितली. १९७६ पासून कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत, फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या उतारावर काही पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकलींवर शर्यती लावायची. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या हबच्या पोटात असायचा. उतार संपेपर्यंत हब एवढा तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं. दर फेरीनंतर हब खोलून नव्यानं ग्रीस भरावं लागे, म्हणून त्या उताराचं नावच ‘रीपॅक’ पडलं. जो ब्रीझ, गॅरी फिशर ही माणसं तिथलीच, आणि डोंगरी सायकल त्यांच्या हातून घडत गेली. अप्पा म्हणाले, “आपल्याकडे सारखा माल भरावा लागतो म्हटलं की गिऱ्हाईक भांडायचं. त्यांनी रस्त्याला नाव दिलं.”

पायडलचा आस ज्यात फिरतो तो बॉटम ब्रॅकेट अप्पांनीच बसवला. माझ्या चौकटीला आट्यांचा, म्हणजे बीएसए मापाचा आहे. ही अक्षरं बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स या बंदुका बनवणाऱ्या कंपनीची. आपल्याकडे मद्रासच्या टीआय कारखान्यातून आलेल्या सायकलींवर ती पुष्कळांनी वाचली असतील. उजव्या बाजूच्या कपाला उलटे आटे असतात, हे मी सांगायच्या आत त्यांनी कप डावीकडे फिरवायला घेतला होता. दोन वेढ्यांनंतर तो अडला. जोर न लावता त्यांनी तो बाहेर काढला, जुन्या दातब्रशनं आट्यांतला रंगाचा भुगा साफ केला, ग्रीस लावून बोटांनीच शेवटपर्यंत नेला. कार्बनमध्ये चिकटवलेली ॲल्युमिनियमची ती नळी आहे. तिथले आटे तिरके गेले असते तर चौकट हातची गेली असती. शेवटचा पीळ टॉर्क पान्ह्यानं दिला, ४० न्यूटन-मीटर.

चिमटा कापायच्या दिवशी मी दोनदा चहा केला. पुढच्या चिमट्याची वरची नळी लांबच येते. ती आपल्या चौकटीप्रमाणे कापायची, आणि एकदा कापली की वाढत नाही. डोक्याचे बेअरिंग, वरचं झाकण, दोन सेंटिमीटरच्या चकत्या, मग हँडल धरणारा स्टेम, हे सगळं कोरडं रचून नळीवर खूण केली. खरी कापायची रेघ त्या खुणेच्या ३ मिलिमीटर खाली, नाहीतर वरची टोपी नळीवरच टेकते आणि बेअरिंगवर दाब येत नाही. अप्पांच्या काळी चिमट्याला आटे असायचे. कप, कोन, छर्रे, वर लॉक नट. इथं टोपीचा बोल्ट फक्त बेअरिंग दाबतो आणि हँडल धरण्याचं काम स्टेमच्या बाजूचे दोन बोल्ट करतात. त्यामुळे क्रम चुकला की सगळं चुकतं: आधी टोपी, मग बाजूचे. करवत अप्पांनी धरली नाही. हात थरथरतो म्हणाले. त्यांनी नळी धरली आणि मी कापली. नंतर कानशीनं कड गोल करत ते बराच वेळ बसले होते.

चाकं आयती घेतली, तरी त्यांनी दोन्हींचा आऊट बघितलाच आणि मागच्या चाकाचे चार आरे पाव-पाव वेढा फिरवले. टायर ट्यूबलेस. आत टेप, व्हॉल्व्ह, भोक बुजवणारं शंभर मिलिलिटर औषध, मग पंपाचा एक जोरकस झोत. टायरची कड रिमवर चढताना फटाक्यासारखे दोन आवाज झाले आणि शेजारच्या काकू दारात आल्या.

सगळ्यात जास्त वेळ मागच्या ब्रेकची नळी आणि कळ दाबून सीट खाली-वर करणाऱ्या ड्रॉपर पोस्टची केबल यांनी खाल्ला. दोन्ही चौकटीच्या पोटातून जातात. ब्रेकच्या नळीसाठी साच्यातच वेगळी वाट ठेवलेली होती, ती सरळ निघाली. ड्रॉपरची केबल मात्र पोकळीतून अंदाजानं न्यायची होती. तिच्या टोकाला लोखंडी तुकडा बांधला आणि बाहेरून लोहचुंबकानं ओढत नेली. बॉटम ब्रॅकेटपाशीच्या वळणावर तुकडा सुटला, सात वेळा. आठव्यांदा केबलला फोमची नळी चढवायची राहिली, म्हणून बाहेर आलेली केबल पुन्हा मागे घेतली. फोम नसता तर दर दगडावर ती आतून खडखडली असती आणि पोकळ चौकटीत तो आवाज दुप्पट वाटला असता.

ब्रेकच्या नळीचं माप घेताना मी चूक केली. शॉक पूर्ण उघडा असताना मापली आणि कापली. शॉकमधली हवा काढून मागचं चाक वर दाबलं, तेव्हा सांध्यापाशी नळी पूर्ण ताणली गेली. पंधरा मिलिमीटर कमी पडली. नवी नळी मागवावी लागली, तिच्या टोकाला नवी पितळी कडी, कारण एकदा दाबली गेलेली कडी दुसऱ्यांदा तेल अडवत नाही. त्या ब्रेकमध्ये खनिज तेल चालतं. चुकून मोटारीच्या ब्रेकचं तेल गेलं तर आतली रबरं फुगतात. कॅलिपरवर हलक्या टिचक्या मारत वरच्या नरसाळ्यात बुडबुडे येईनासे होईपर्यंत आम्ही थांबलो.

त्या चुकीचा फायदा चेन कापताना झाला. पूर्ण सस्पेन्शनच्या सायकलीत चाक वर जाताना काही अंतर मागेही सरकतं, म्हणून आस आणि क्रँक यांच्यातलं अंतर बदलत राहतं. चेन उभ्या सायकलीवर मापली तर दगडावर आदळल्याक्षणी ती कमी पडते आणि गिअरचा हात तोडते. शॉक मोकळा करून, अप्पांना चाक हळूहळू उचलायला लावून, मी पट्टीनं अंतर बघत राहिले. सगळ्यात लांब ठरलं तिथं थांबवलं, मागच्या ५१ दात्यांच्या मोठ्या चक्रावरून चेन घातली, पुस्तिकेत सांगितलेल्या जादा कड्या धरल्या. १२६ पैकी १२० उरल्या.

आता सीट. ड्रॉपर पोस्टला खरबरीत कण असलेली पेस्ट लावतात, म्हणजे कमी आवळूनही ती घसरत नाही. क्लॅम्पचा बोल्ट अप्पांनी साध्या एलन कीनं आवळला, त्यांच्या सवयीप्रमाणे शेवटी अर्धा पीळ जादा देऊन. कळ दाबली तर सीट खाली गेली आणि वर येईना. बाहेरची नळी आवळली जाऊन आतली अडकली होती. कट् आवाज करणाऱ्या टॉर्क पान्ह्याला जास्त आवळलेलं कळत नाही, तो पाचलाही कट् म्हणतो आणि आठलाही. म्हणून बोल्ट पूर्ण सैल केला आणि ५ न्यूटन-मीटरवर पुन्हा आणला. सीट सुळकन वर आली. अप्पांनी तोच बोल्ट सहा-सात वेळा सोडला, बांधला, पान्ह्याशी ताडून बघितला. चाळीस वर्षांचा हात त्या संध्याकाळी नव्यानं शिकत होता आणि त्यांना त्याचं कौतुक वाटत होतं. मलाही.

तयार सायकल भरली १३ किलो ९०० ग्रॅम. शॉकचा दांडा ५५ मिलिमीटर सरकतो आणि त्या बळावर मागचं चाक १४० मिलिमीटर उचललं जातं. हेल्मेट, पाण्याची पिशवी, बूट घालून मी बसले. अप्पांनी भिंतीशी हँडल धरलं आणि दांड्यावरचं रबरी कडं खाली ढकललं. उतरून मोजलं तर २१ मिलिमीटर. नुसतं बसल्यावर शॉक तीस टक्केच दबायला हवा, म्हणजे साडेसोळा. हवा भरली, पुन्हा बसले, पुन्हा उतरले. चौथ्यांदा जमलं.

पहिली चक्कर वेताळ टेकडीवर मारली, पहाटे, मुरूम ओला असताना. दगडांच्या पायरीवरून उतरताना मागचं चाक खाली गेलं आणि वर आलं. आवाज फक्त टायरचा होता. मी वर थांबले तेव्हा शहराचे दिवे अजून विझले नव्हते.

घरी आल्यावर कडं ४९ मिलिमीटरवर होतं. अप्पांनी पान्हा आधीच काढून ठेवला होता. सांध्यांचे बोल्ट त्यांनी एकेक करून बघितले. दोन जण सरकले होते, जेमतेम एक अष्टमांश वेढा. त्यांनी ते पुस्तिकेतल्या आकड्यावर आणले आणि दोघांवर पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढली, अर्धी बोल्टवर, अर्धी चौकटीवर.