घोरणं आणि आपली जीभ

मंडळाच्या सहलीत चौघं एका खोलीत झोपले की कोण घोरतं ते कळतंच, आणि सकाळी चहाबरोबर थट्टाही होते. पण घोरता घोरता श्वास मध्येच थांबून गुदमरल्यासारखा परत सुरू होत असेल, तर ती गाढ झोप नव्हे. तो स्लीप ॲप्निया असू शकतो.

यात मोठा वाटा जिभेचा. हनुवटीच्या हाडाला आतून जोडलेला जिनिओग्लॉसस हा स्नायू जिभेला पुढे ओढून धरतो. झोपेत, विशेषतः स्वप्नं पडतात तेव्हा, तो सैल पडतो. घसा मुळात अरुंद असेल किंवा जिभेत चरबी साठली असेल, तर जीभ मागे सरकून श्वासाची वाट अडवते. रक्तातला प्राणवायू घटतो, मेंदू दचकून जागा करतो. काहींच्या बाबतीत हे तासाला ३० हून अधिक वेळा! मग दिवसा हायवेवर गाडी चालवताना डुलकी, शिवाय ब्लडप्रेशर.

१९८१ साली सिडनीच्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी सीपॅप पुढे आणलं. त्यात हवेच्या दाबाने वाट उघडी राहते. अमेरिकेत २०१४ साली जिभेच्या नसेला हलकी चेतना देणाऱ्या यंत्रालाही मान्यता मिळाली. वजन उतरलं की जिभेतली चरबीही उतरते.

घोरणाऱ्याला स्वतःला यातलं काही कळत नाही, शेजारी झोपणाऱ्याला कळतं. तेव्हा घरच्यांना विचारा (बायकाही घोरतात बरं का!) आणि डॉक्टरांना सांगा. झोपेची तपासणी आता बऱ्याच जणांना घरच्या घरी करता येते.