मुक्त म्हणजे फुकट नव्हे: एका स्मरणिकेची गोष्ट

ओपन सोर्स म्हटलं की लोक लगेच विचारतात, "म्हणजे फुकटच ना?" इंग्रजीत 'फ्री' हा एकच शब्द असल्याने हा घोळ होतो. मराठीत मात्र दोन शब्द आहेत: फुकट आणि मुक्त. त्यातला फरक मला घरच्याच एका कामात कळला.

माझं बीटेक नांदेडला झालं, काकांचं डीटीपीचं दुकान लातूरला. किल्लारीच्या भूकंपाला दहा वर्षं झाली तेव्हा, २००३ मध्ये, औसा तालुक्यातल्या आमच्या गावाने छोटी स्मरणिका काढली होती. त्यात गेलेल्या माणसांची नावं होती, वाचलेल्यांच्या आठवणी होत्या. काकांनीच ती पेजमेकरमध्ये टाइप केली होती.

२०२३ मध्ये ती पुन्हा छापायचं ठरलं. उरलेल्या एका प्रतीची मधली पानं वाळवीने खाल्लेली. सीडी सापडली, पण फाइल उघडेना. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. मराठी फॉन्टला डोंगल लागायचं, तेही कधीच बंद पडलेलं. काका म्हणाले, "मजकूर आपला, कुलूप दुसऱ्याचं की रे!"

मग लिब्रेऑफिस आठवलं. २०१५ पासून ते पेजमेकरच्या फाइल उघडतं. पानांची मांडणी विस्कटली, पण मजकूर आला. तो दिसत होता मात्र इंग्रजी अक्षरांचा कचरा! कारण जुन्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांची चित्रं बसवलेली असायची. शिवाय पहिली वेलांटी तिथे अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. म्हणजे नुसती अदलाबदल करून भागत नाही, क्रमही लावावा लागतो.

दुसऱ्या एका फॉन्टसाठी कुणीतरी लिहिलेली पायथन स्क्रिप्ट खुल्या परवान्याखाली मिळाली. मी तिच्यातला अक्षरांचा तक्ता बदलला, रफार दुरुस्त केला. आठवडा गेला. शेवटी एकेक नाव गावातल्या जाणत्या माणसांना वाचून दाखवून तपासलं. छपाईला मुक्ता फॉन्ट घेतला. तो 'एक टाइप'ने बनवलेला, ओपन फॉन्ट लायसन्सखाली.

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासूनची ही चळवळ. तिचं म्हणणं साधं आहे: सॉफ्टवेअर हवं तसं वापरता यावं, आतून बघून बदलता यावं, वाटता यावं आणि बदललेलंही वाटता यावं. स्क्रिप्ट बदलण्याची मुभा नसती, तर त्या आठवणी सीडीतच राहिल्या असत्या. माझी बदललेली स्क्रिप्टही मी त्याच परवान्याखाली खुली ठेवलीय.

मुक्त सॉफ्टवेअरमध्ये अडचणी नसतात असं नाही. मांडणी आम्हाला पुन्हा करावीच लागली. पण पैसे वाचले हा फायदा छोटा. आपण लिहिलेलं आपल्याच हातात राहिलं, हा मोठा.

तुमच्याकडे जुन्या फॉन्टमधल्या फाइल असतील, तर सीडी चालतेय तोवर त्या युनिकोडमध्ये आणा. भेटू पुढच्या भागात!