आम्ही पाहिलेली मुंबई

मुंबई पाहिली नाही असा माणूस आता आपल्या भागात सापडणे कठीण. कुणी दवाखान्याच्या निमित्ताने जातो, कुणी पोराच्या नोकरीसाठी, कुणी मंत्रालयातल्या कामासाठी. पण नुसती बघायला म्हणून आम्ही पाच सभासद मुंबईला गेलो ते १९७९ साली, गळीत हंगाम उरकल्यावर. त्या वेळी पाहिलेलं काय आज जागेवर आहे आणि काय नाही, हे सभासद बंधू-भगिनींना सांगावं, म्हणून हा लेख.

उतरलो बोरीबंदरला. स्टेशनचं आजचं नाव छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून ठाण्याला सुटली ती १६ एप्रिल १८५३ रोजी. दगडातली वेलबुट्टी, पशुपक्षी बघत आम्ही माना वर करून उभे, तर मागून हमाल ओरडला, "ओ मामा, वाट सोडा की!" तिथून पुढे बाजूला सरकून बघायचं, हे आम्ही शिकलो.

मग गेटवे ऑफ इंडिया. इंग्रजांचा राजा मुंबईला आला १९११ साली. त्याच्या आठवणीसाठी ही कमान बांधायला घेतली, ती पुरी झाली १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला गोऱ्या सैनिकांची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीवर चढून कायमची गेली. जवळच शिवछत्रपतींचा अश्वारूढ पुतळा. आम्ही पायातली पायताणं काढून नमस्कार केला.

मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनखाली शहराच्या पाण्याची मोठी टाकी आहे, हे कळल्यावर आमची नजर फुलांवरून उडाली. उसवाले आम्ही, आधी पाणी कुठून येतं ते विचारणार! शहापूर तालुक्यातलं तानसा धरण १८९२ सालचं. तिथून नळानं पाणी मुंबईत येतं, हे ऐकून आमच्यातले एक आप्पा म्हणाले, "म्हणजे हे सुद्धा आपल्यासारखे टेलचेच!"

पण मनात घर केलं ते हुतात्मा चौकानं. संयुक्त महाराष्ट्रासाठी शंभरावर माणसांनी प्राण दिले, तेव्हा कुठे १ मे १९६० ला मुंबईसह महाराष्ट्र राज्य झालं. तिथल्या स्मारकावर शेतकरी आणि कामगार दोघं मिळून मशाल धरून उभे आहेत.

त्यातला शेतकरी आम्ही, आणि कामगार भेटला तो लालबागला. मुक्काम आमचा तिथेच, गावच्या मंडळींच्या गाळ्यात. एक पाळी कामावरून यायची तेव्हा दुसरी अंथरूण सोडायची. पहाटे भोंगा झाला की रस्ता माणसांनी भरून वाहायचा. साचेखात्यातून आलेल्या भावाच्या केसांत कापसाची तुसं असायची. आमच्यापैकी दोघांनी कारखान्याचा शेअर घेतला, तो अशाच भावांनी पाठवलेल्या मनीऑर्डरीतून. आपल्या धुराड्याच्या पायात काही विटा लालबागच्या आहेत, हे विसरून चालणार नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. कित्येक गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत. आमच्यातल्या एकाचा भाऊ ट्रंक आणि वळकटी घेऊन गावाला परत आला आणि दोन एकरांत तिसरा वाटेकरी झाला. त्यानं तक्रार केली नाही, पण कारखान्याचा भोंगा झाला की तो हातातलं काम थांबवायचा. पुढे १९९१ च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट मोकळी झाली.

अलीकडे नातवांबरोबर पुन्हा जाणं झालं. बोरीबंदर आहे, गेटवे आहे, हँगिंग गार्डनही आहे. लोअर परळला मात्र एका गिरणीच्या आवारात आता काचेची दुकानं आहेत. धुराडं तेवढं उभं ठेवलंय, शोभेला. नातवानं विचारलं, "आजोबा, यातनं धूर का येत नाही?" आम्ही त्याला सगळी हकिकत सांगितली, जमेल तेवढी.

ज्यांनी त्या गिरण्या चालवल्या त्यांचा त्यांच्यात शेअर नव्हता. जमिनीचं काय करायचं, यावर त्यांचं मत मोजलं गेलं नाही. आपल्या कारखान्यात शेअर एक असो की दहा, मत एकच, आणि ते मोजलं जातं. म्हणून वार्षिक सभेचा अहवाल घरी आला की तो फडताळावर टाकू नये. ताळेबंद वाचावा, न कळलेलं शिकलेल्या पोराकडून समजून घ्यावं, सभेत उठून विचारावं. आणि मुंबईला गेलात तर हुतात्मा चौकात जरा थांबा. मशाल धरलेल्या त्या दोघांत एक आपला आहे आणि दुसराही आपलाच होता.