महापुरानंतरची खीर

परदेशी निघालेल्या माणसाला लोक विचारतात, ‘काय काय बघणार?’ मला मात्र बघण्यापेक्षा एका वाटीची ओढ लागली आहे. पुढच्या महिन्यात इस्तंबूलला जाण्याचा योग आहे. मशिदींचे घुमट, बॉस्फरसचं पाणी, सारं पाहीनच. पण पहिल्या दिवशीच मिठाईचं दुकान गाठून मी ‘आशुरे’ मागणार आहे. मोहरम नसला तरी ती तिथे वर्षभर मिळते.

आशुरे म्हणजे फळं घातलेली गव्हाची खीर. मोहरमचा दहावा दिवस तो आशुरा, त्यावरून हे नाव. आपल्याकडे या दिवशी करबलाची आठवण असते, तशी तिकडेही असते. पण तिकडची लोककथा आणखी मागे जाते. नूह पैगंबरांच्या काळी महापूर आला. पाणी ओसरलं, नौका जमिनीला टेकली, तेव्हा जे मूठ-मूठ उरलं होतं ते सगळ्यांनी एकाच भांड्यात शिजवलं. तीच पहिली आशुरे.

कोंडा काढलेले गहू रात्रभर भिजवून मऊ शिजवतात. काबुली हरभरे आणि पांढरा घेवडा वेगळे शिजवून त्यात मिसळतात. मग साखर, जर्दाळू, अंजीर, बेदाणे आणि संत्र्याची साल. दूध बहुधा नसतंच. गव्हाच्या चिकानंच खीर दाटते. गार झाली की वर डाळिंबाचे दाणे आणि अक्रोड. आपल्या खपली गव्हाच्या खिरीची ही लांबची बहीणच म्हणा ना!

बेदाण्याचं नातं तर अगदी घरचं. तिकडे ज्या द्राक्षाला सुलताना म्हणतात, तेच आपलं थॉम्सन सीडलेस. तासगावची ‘तास-ए-गणेश’ त्यातूनच निवडलेली. ते लोक द्राक्षं उन्हात वाळवतात, आपले बागायतदार शेडमधल्या जाळ्यांवर सावलीत. इतकाच काय तो फरक.

आशुरे एका घरापुरती कुणी करत नाही. मोठं भांडं चढतं आणि वाट्या शेजारीपाजारी जातात. तिथले आर्मेनियन ख्रिस्ती तशीच खीर नाताळ-नववर्षाला करतात. कडेगावच्या ताबुतांच्या भेटी पाहत वाढलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

पण माझी ओढ वेगळ्या कारणानं आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं. आमच्या गल्लीतली चार घरं एका माडीवर अडकली. कुणाकडे तांदूळ, कुणाकडे तूरडाळ, आमच्याकडे बटाटे आणि बेदाण्यांची एक पुडी. शेजारच्या काकूंनी सगळं एकाच पातेल्यात शिजवलं. बेदाणे तेवढे पोरांच्या हातावर ठेवले. कोण कुणाच्या हातचं खातं, हा प्रश्न त्या रात्री कुणाला सुचलाच नाही.

महिन्याभरानं मोहरम आला. घरच्यांनी नेहमीप्रमाणे चोंगे केले. पण ताट घेऊन निघालो, तर दोन दारांना कुलपं. पुराच्या धास्तीनं ती माणसं गल्ली सोडून गेली होती. काकूही त्यांतल्याच.

म्हणून आशुरे नुसती चाखायची नाही, तिची कृतीही शिकून यायची आहे. येत्या मोहरमला तासगावचे बेदाणे घालून मोठं पातेलं चढवीन. गल्लीत वाटून झालं की दोन डबे घेऊन एसटीनं निघेन. काकूंचा नवा पत्ता मी आत्ताच विचारून ठेवला आहे.