आधी धडधड की आधी भीती?

रात्री सुनसान गल्लीतून जाताना एखादे कुत्रे भुंकत अंगावर येते. छातीत धडधडते, घशाला कोरड पडते, हातपाय लटपटतात. यात आधी काय होते, असे विचारले तर बहुतेक जण सांगतील, आधी भीती वाटते आणि मग ती अंगात उतरते. भावनांविषयीचे आधुनिक मानसशास्त्र या साध्या उत्तरावर शंका घेऊनच सुरू झाले.

ही शंका घेतली विल्यम जेम्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने. १८८४ मध्ये ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने नेमका उलटा क्रम मांडला. अस्वल दिसताच शरीरात खळबळ माजते, आणि त्या खळबळीची जाणीव म्हणजेच भीती. भीतीतून धडधड, उथळ श्वास, थरथर हे सारे वजा केले तर मागे काय उरते, असा त्याचा प्रश्न होता. उरते ती फक्त ‘इथे धोका आहे’ ही कोरडी माहिती, असे तोच उत्तर देतो. डेन्मार्कचा वैद्य कार्ल लांगे १८८५ मध्ये स्वतंत्रपणे जवळपास याच निष्कर्षाला पोहोचला, म्हणून हा जेम्स-लांगे सिद्धान्त. भरताच्या नाट्यशास्त्रात घाम, रोमांच, कंप, अश्रू हे सात्त्विक भाव मनाच्या एकाग्रतेतून उपजतात असे सांगितले आहे. जेम्सने ही दिशाच फिरवली.

हार्वर्डचा शरीरशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन याला हे पटले नाही. हृदय, जठर, रक्तवाहिन्या यांना उद्दीपित करणारी अनुकंपी चेतासंस्था त्याने मांजरांमध्ये शस्त्रक्रियेने निकामी केली. अशा मांजरापुढे कुत्रे भुंकले, तर मांजर पूर्वीसारखेच फिसकारायचे, दात विचकायचे, पंजा उगारायचे. अंगावरचे केस तेवढे उभे राहत नसत. १९२७ मधल्या टीकेत त्याने आणखी एक मुद्दा मांडला, आणि तो आजही वजनदार वाटतो: राग आला, भीती वाटली किंवा नुसता ताप चढला, तरी आतड्याकाळजातले बदल साधारण सारखेच असतात. मग एकाच धडधडीतून इतक्या निरनिराळ्या भावना ओळखू याव्यात कशा? कॅनन आणि त्याचा विद्यार्थी फिलिप बार्ड यांच्या मते मेंदूच्या आतल्या भागातून दोन संदेश एकाच वेळी निघतात. एक शरीराला जागे करतो, दुसरा भावनेची जाणीव देतो.

कॅननचा हाच प्रश्न स्टॅन्ली शॅक्टर आणि जेरोम सिंगर यांनी हाती घेतला. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा प्रयोग जवळून पाहण्यासारखा आहे. मिनेसोटा विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना सांगितले गेले की, नजरेवर एका जीवनसत्त्वाचा काय परिणाम होतो ते तपासायचे आहे. प्रत्यक्षात काहींना टोचले अॅड्रिनॅलिन, काहींना नुसते मिठाचे पाणी. अॅड्रिनॅलिन घेतलेल्यांपैकी एका गटाला धडधड होईल, हात कापतील असे खरे सांगितले. दुसऱ्याला काहीच सांगितले नाही. तिसऱ्याला पाय बधिर होतील, खाज सुटेल असे खोटेच सांगितले. मग प्रत्येकाला एका खोलीत बसवले. तिथे आणखी एक ‘विद्यार्थी’ असे, तो प्रयोगकर्त्यांनीच पेरलेला. कधी तो कागदाचे बोळे टोपलीत फेकी, विमाने उडवी, कमरेभोवती रिंगण फिरवी. कधी अपमानास्पद प्रश्नांची प्रश्नावली पाहून चिडे आणि शेवटी ती टराटरा फाडून टाकी. धडधडीचे खरे कारण ज्यांना ठाऊक होते, ते या नाटकाने फारसे हलले नाहीत. ज्यांना ठाऊक नव्हते, ते त्याच्या आनंदाला किंवा रागाला अधिक बळी पडले. यावरून शॅक्टर-सिंगर यांनी भावनेचे दोन घटक मानले: शरीराची उत्तेजना, आणि भोवतालचे पाहून मनाने तिला दिलेले नाव.

पाठ्यपुस्तकांत हा प्रयोग जितका दिमाखात येतो, तितकी त्याची आकडेवारी भक्कम नव्हती. मिठाचे पाणी टोचलेले विद्यार्थीही बऱ्याच अंशी तसेच वागले होते, आणि १९७९ मध्ये इतर संशोधकांना तेच निष्कर्ष पुन्हा मिळाले नाहीत. तरीही मूळ कल्पना टिकली. डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावर एका तरुणीला उभे केले. खाली खोल दरी, पायाखाली हलणाऱ्या फळ्या. पुलावरून येणाऱ्या पुरुषांकडून तिने छोटी प्रश्नावली भरून घेतली आणि आपला फोन नंबर दिला. नंबर घेतलेल्या १८ पैकी ९ जणांनी नंतर फोन केला. जवळच्या भक्कम पुलावरच्या १६ पैकी फक्त दोघांनी. पुलाची धडधड तरुणीच्या खात्यावर जमा झाली, असा संशोधकांनी अर्थ लावला.

भावनेतल्या मनाच्या वाट्याविषयी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस याने भर दिला तो मूल्यमापनावर. समोरचे आपल्या हिताचे की अहिताचे, याचा मन जो हिशेब करते, त्यातून भावना ठरते, असे त्याचे म्हणणे. रॉबर्ट झायोंक याने १९८० मध्ये याला विरोध केला. आवडनिवड विचाराआधीच, क्षणात उमटू शकते, असे त्याने दाखवले. दोघांचा वाद बराचसा ‘विचार’ या शब्दात काय काय धरायचे यावरच अडला होता.

जेम्सने क्रम उलटवला नसता तर धडधडीला नाव देण्याचा हा प्रश्न इतक्या टोकदारपणे पुढे आला नसता. त्याचा व्यावहारिक उपयोगही झाला आहे. ॲलिसन वुड ब्रुक्स हिने २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गाण्याआधी किंवा भाषणाआधी काही जणांना ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे मोठ्याने म्हणायला लावले. ‘मी शांत आहे’ किंवा ‘मला धास्ती वाटते’ म्हणणाऱ्यांपेक्षा त्यांचे सादरीकरण सरस ठरले. काळजाचे ठोके काही त्यामुळे मंदावले नव्हते. त्यांना दिलेले नाव तेवढे बदलले होते.