बंधन आणि सर्जन : अभिकल्पकांची भूमिका आणि बदलता व्यवसाय

'डिझाइन' या शब्दास मराठीत एकच एक प्रतिशब्द रूढ झालेला नाही. आराखडा, नक्षी, रचना, संकल्पन, अभिकल्प असे अनेक शब्द वापरात आहेत आणि त्यांतील प्रत्येक शब्द मूळ कल्पनेचा एकेक पैलू तेवढा दाखवितो. 'नक्षी' म्हटले की तयार वस्तूवर मागाहून चढविलेली शोभा डोळ्यांसमोर येते. 'आराखडा' म्हटले की वस्तू होण्यापूर्वीचा कागद. भांड्यांच्या संदर्भात मराठी माणूस सहजपणे वापरतो तो 'घाट' हा शब्द मात्र या दोहोंहून वेगळा आहे. घाट वस्तूवर चढविता येत नाही. तो वस्तूतच असतो. हा घोळ केवळ परिभाषेचा नाही. अभिकल्पकाची सर्जनशीलता नेमकी कोठे असते, नक्षीत, आराखड्यात की घाटात, या प्रश्नाची उत्तरे या क्षेत्रातील मान्यवरांनी निरनिराळ्या प्रकारे दिली आणि व्यवसायाचे स्वरूप पालटले तशी ती उत्तरेही पालटत गेली. प्रस्तुत लेखात त्यांपैकी काही उत्तरांचा विचार केला आहे. 'अभिकल्प' हा शब्द येथे योजिला आहे तो निर्दोष आहे म्हणून नव्हे, तर त्यापासून 'अभिकल्पक' हे कर्तृवाचक रूप सहज सिद्ध होते म्हणून.

तांब्याचा घाट

१९५८ मध्ये भारत सरकारच्या निमंत्रणावरून आणि फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने चार्ल्स व रे ईम्स हे अमेरिकन अभिकल्पक दांपत्य भारतात आले. लघुउद्योगांना साहाय्यभूत होईल असा अभिकल्प-प्रशिक्षणाचा कार्यक्रम सुचविणे, हे त्यांचे काम होते. त्यांनी सादर केलेला अहवाल पुढे 'इंडिया रिपोर्ट' या नावाने प्रसिद्ध झाला. अशा अहवालात यंत्रसामग्रीची यादी, अभ्यासक्रम आणि अंदाजपत्रक अपेक्षित असते. ईम्स दांपत्याने त्यात जागा दिली ती तांब्याला.

भारतात पाहिलेल्या सर्व वस्तूंत तांब्या ही त्यांना सर्वांत सुंदर वाटलेली वस्तू होती. पण त्यांनी केवळ प्रशंसा केली नाही. आज कोणा एकाला तांब्या नव्याने घडवावयाचा झाल्यास कोणकोणत्या गोष्टींचा विचार करावा लागेल, याची लांबलचक जंत्री त्यांनी दिली : किती पाणी मावावे, तोंड केवढे असावे, आत हात घालून घासता येईल का, डोक्यावर वा कडेवर घेतल्यास तोल कसा राहील, पाणी ओतताना आवाज कसा येईल, उन्हात तो कसा दिसेल, किंमत काय पडेल, मोडीत घातल्यास धातूचे काय मिळेल, तो कोणाला भेट देताना काय वाटेल. या सर्व प्रश्नांची उत्तरे एका माणसाने शोधलेली नाहीत. पिढ्यान्‌पिढ्या असंख्य अनामिकांनी थोडे थोडे बदल करीत हा घाट सिद्ध केला, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हे प्रतिपादन वरवर पाहता भारतीय कारागिरीचा गौरव वाटते. त्याचा खरा रोख अन्यत्र आहे. परंपरेला ज्या उत्तरापर्यंत पोहोचण्यास शतके लागली, त्या दर्जाचे उत्तर झपाट्याने बदलणाऱ्या समाजात काही महिन्यांत कसे मिळवावयाचे, ही अडचण त्यात आहे. अभिकल्पाचे शिक्षण हवे ते यासाठी. अहमदाबाद येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय अभिकल्प संस्थेच्या मुळाशी हा अहवाल होता. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये औद्योगिक अभिकल्प केंद्र सुरू झाले, त्याची धुरा जर्मनीतील उल्म येथील विख्यात अभिकल्प-विद्यालयात शिकून आलेल्या सुधाकर नाडकर्णी यांच्याकडे होती.

तडजोड आणि बंधन

१९६९ मध्येच पॅरिस येथे अभिकल्पाविषयी एक प्रदर्शन भरले. त्यानिमित्त चार्ल्स ईम्स यांना विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे १९७२ मध्ये लघुपटाच्या रूपाने प्रसिद्ध झाली. अभिकल्प बहुतांशी बंधनांवर अवलंबून असतो, असे त्यांचे म्हणणे होते. द्रव्य, वेळ, आकार, वजन, पृष्ठभाग यांची बंधने ओळखण्याची कुवत आणि त्यांच्या मर्यादेत काम करण्याची उमेद हेच अभिकल्पकाचे भांडवल होय. तडजोडी कराव्या लागल्या का, या प्रश्नावर त्यांनी सांगितले की तडजोड कधी केली नाही, बंधने मात्र आनंदाने स्वीकारली.

हा शब्दच्छल नव्हे, हे त्यांच्या आधीच्या एका कामावरून कळते. दुसऱ्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या पायास बांधावयाच्या धातूच्या पट्ट्या वाहतुकीच्या हादऱ्यांनी कंप पावत व जखम अधिक चिघळे. १९४२ मध्ये ईम्स दांपत्याने अमेरिकन नौदलासाठी प्लायवुडची पट्टी तयार केली. प्लायवुड एका दिशेने सहज वाकते, परंतु पायाच्या आकाराप्रमाणे एकाच वेळी दोन दिशांनी वाकविल्यास ते चिरते. म्हणून ताण मोकळा होण्यासाठी त्यात ठिकठिकाणी छिद्रे ठेवावी लागली. नेमक्या याच छिद्रांतून पट्टी पायास बांधण्याचे कापड ओवता येऊ लागले. द्रव्याचा दोष आणि उपयोगाची गरज यांचे उत्तर एकाच छिद्रात मिळाले. अशा सुमारे दीड लाख पट्ट्या तयार झाल्या आणि त्या अनुभवातूनच १९४० च्या दशकाच्या मध्यास त्यांच्या प्रसिद्ध प्लायवुडच्या खुर्च्या निर्माण झाल्या. छिद्रे सौंदर्याकरिता पाडली असती तर ती नक्षी ठरली असती.

बंधने कोणाची?

ईम्स यांच्या विवेचनात एक प्रश्न अनुत्तरित राहतो : बंधने ठरवितो कोण? ग्राहकाने पैसे मोजले की त्याच्या अटी म्हणजेच बंधने, असे मानल्यास अभिकल्पक कुशल नोकर ठरतो. व्हिक्टर पापानेक यांनी १९७१ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झालेल्या 'डिझाइन फॉर द रिअल वर्ल्ड' या ग्रंथात नेमके येथेच बोट ठेवले. औद्योगिक अभिकल्पाहून घातक असे व्यवसाय फार थोडे आहेत, असा त्यांचा आरोप होता. अनावश्यक वस्तूंचा हव्यास निर्माण करण्यात आपली बुद्धी खर्च करणाऱ्या समव्यवसायिकांना तो रुचला नाही, यात नवल नाही.

पापानेक यांनी एका विद्यार्थ्याच्या साहाय्याने टाकाऊ डब्यापासून रेडिओ तयार केला होता. वीज नसलेल्या खेड्यात तो मेणाच्या ज्योतीच्या उष्णतेवर चाले. डब्याला रंग वा आवरण मुद्दामच दिलेले नव्हते. इंडोनेशियातील लोकांनी तो आपापल्या आवडीप्रमाणे रंगीत कागद, शिंपले लावून सजविला. त्याची चित्रे उल्म येथे दाखविली असता तो कुरूप आहे म्हणून बहुतेक प्राध्यापक उठून गेले, असे पापानेक यांनीच नोंदविले आहे. उल्मच्याच परंपरेतील गुई बोन्सीपे यांनी पुढे केलेली टीका अधिक वजनदार होती : परदेशी तज्ज्ञाने येऊन गरिबांसाठी वस्तू करून देणे ही कृपादृष्टी आहे, त्यातून त्या देशाची स्वतःची क्षमता वाढत नाही. दोन्ही बाजूंत तथ्य असले तरी भारतीय वाचकास बोन्सीपे यांचा मुद्दा अधिक जवळचा वाटावा. १९७९ च्या जानेवारीत अहमदाबाद येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या जाहीरनाम्यातही विकसनशील देशांच्या स्वतःच्या क्षमतेवर भर होता.

वस्तूकडून विचाराकडे

हर्बर्ट सायमन यांनी १९६९ मध्येच अभिकल्पाची व्याख्या इतकी व्यापक केली होती की, विद्यमान स्थिती बदलून इष्ट स्थिती आणू पाहणारा प्रत्येक जण तीत सामावला. पुढील काळात व्यवसाय त्याच दिशेने सरकला. खुर्ची आणि रेडिओ यांच्या जोडीस संगणकाचा पडदा, रुग्णालयातील सेवा, बँकेचा व्यवहार आणि शासनाची धोरणेही अभिकल्पाचे विषय झाली. आयडिओ या संस्थेचे टिम ब्राउन यांनी २००८ मध्ये 'डिझाइन थिंकिंग' व्यवस्थापनाच्या जगात लोकप्रिय केले. भारत सरकारनेही २००७ मध्ये राष्ट्रीय अभिकल्प धोरण मंजूर केले.

या विस्तारात लाभ आहे, तशी हानीही आहे. पेंटाग्रामच्या नताशा जेन यांनी २०१७ मध्ये एका व्याख्यानात या पद्धतीवर कठोर टीका केली. पाच टप्प्यांच्या आकृतीत चिकटचिठ्ठ्यांना स्थान आहे, पण केलेल्या कामाची निर्भीड चिकित्सा करण्याचा टप्पाच नाही, हा त्यांचा आक्षेप होता. महाविद्यालयीन अध्यापकांनी तो गांभीर्याने घेण्याजोगा आहे. दोन श्रेयांकांच्या अभ्यासक्रमात हे टप्पे पाठ करून घेणे सोपे असते. विद्यार्थ्याने केलेला नमुना त्याच्यासमोर तपासून तो पुन्हा करावयास लावणे वेळखाऊ असते आणि तासिकांच्या वेळापत्रकात बसत नाही. जे शिकविणे सोपे, तेच शिकविले जाण्याचा धोका येथे आहे.

अक्षराचे बंधन

या सर्व चर्चेची कसोटी मराठी वाचकाच्या रोजच्या परिचयाच्या एका वस्तूवर पाहता येते. ती वस्तू म्हणजे छापील अक्षर. निर्णयसागरच्या जावजी दादाजींपासून देवनागरी टंकांची मोठी परंपरा मुंबईत आहे. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे यांमुळे देवनागरीस रोमन लिपीच्या कितीतरी पट खिळे लागत. टंकलेखन यंत्रे आली तेव्हा यंत्राच्या सोयीसाठी जोडाक्षरे मोडण्यात आली. ईम्स यांच्या भाषेत ही तडजोड होती. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी (१९३६-२००८) यांनी जाहिरात क्षेत्रातून औद्योगिक अभिकल्प केंद्रात अध्यापनासाठी आल्यावर उलट वाट धरली. बोरू आणि हस्तलिखिते यांच्या अभ्यासातून लिपीची आंतरिक शिस्त शोधावी आणि संगणकाने तिला अनुसरावे, असा त्यांचा प्रयत्न होता. विंडोज प्रणालीतील 'मंगल' हा टंक त्यांचाच. लक्षावधी लोकांनी तो वापरला. कर्त्याचे नाव फार थोड्यांना ठाऊक असते. तांब्याप्रमाणेच.

तरीही काम संपलेले नव्हते. मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' अनेक टंकांत हिंदी वळणाने उमटत राहिले. महाराष्ट्र शासनाने २००९ मध्ये प्रमाण वर्णमालेसंबंधी निर्णय काढून ही रूपे निश्चित केली. 'दर्या' आणि 'दऱ्या', 'आचार्यास' आणि 'आचाऱ्यास' यांतील भेद मराठीत अर्थाचा भेद आहे, त्यासाठी युनिकोडमध्ये वेगळी तरतूद करावी लागली. एक टाइपसारख्या मुंबईतील नव्या अभिकल्पक गटांनी मुक्तपणे वापरता येतील असे 'मुक्ता', 'बलू' यांसारखे टंक उपलब्ध केले.

२०२२ पासून शब्दांवरून चित्रे निर्माण करणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणाली सर्वांच्या हाती आल्या. एका सूचनेवर भित्तिपत्रकाचे शंभर आराखडे आता काही मिनिटांत मिळतात. परंतु आरंभीच्या अशा चित्रांतील देवनागरी अक्षरे बहुधा वाचताच येत नसत. शिरोरेषा असे, काने असत, अक्षराचा भास होई, शब्द नसे. पुढे या प्रणाली सुधारत गेल्या. तथापि 'दऱ्या' लिहिताना रफार चालणार नाही, हे बंधन कोणीतरी आधी ओळखावे लागते, आणि ते ओळखणारा माणूस मराठी वाचणारा असावा लागतो.